पेल्यांची पडताळणी व मुद्रांकन

प्रमाणात केलेलं पाप हे पाप राहत नाही, त्याला सवय म्हणतात. आणि त्या सवयीखाली कमेटीची सही झाली की तिची रीत होते. मोठमोठ्या धर्मपंडितांना ही साधी गोष्ट उमगायला शतकं लागली. चौलापासून अर्ध्या तासावर, खाडीकाठच्या भाटखार गावात एकशेबारा घरांची ख्रिस्ती मंडळी आहे. तिला ती सव्वादोन महिन्यांत उमगली. याचं सगळं श्रेय मंडळीचे सेक्रेटरी श्री. कृष्णाजी येसाजी साळवी यांना जातं, आणि ते दुसऱ्या कोणी लाटू नये म्हणून त्यांनी ते अहवालात आधीच लिहून ठेवलं आहे.

कृष्णाजी हे माणगावला वजनमापे निरीक्षक म्हणून बत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. कोळणीचा तराजू, रेशनवाल्याची वजनं, रॉकेलचं माप, सगळ्यांवर त्यांनी ठोकून शिक्के मारले. त्या खात्यात याला 'पडताळणी व मुद्रांकन' म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना नारळ, शाल आणि हातभर उंचीची पितळी फुलदाणी दिली. शिक्क्यांचे ठसे आणि हातोडी त्यांच्या ट्रंकेत नजरचुकीनं राहून गेली (नजर खात्याची, चूक कोणाचीच नाही). पुढे शिक्का मारायला काही मिळेना म्हणून ते मंडळीचे सेक्रेटरी झाले. घरात बायको भात वाढायची वाटी त्यांच्यापासून लपवून ठेवत असे, यावरून त्यांचा उत्साह लक्षात यावा.

आता मंडळीचा जुना नियम असा, की दारू पिणाऱ्याचं सभासदत्व खंडित समजावं. नव्वद वर्षांपूर्वी कोण्या गोऱ्या मिशनरी साहेबानं तो घालून दिला आणि साहेब बोटीत बसून निघून गेला. नियम मात्र राहिला, आणि मंडळीनं तो जिवापाड पाळला. म्हणजे बाटली वर्तमानपत्रात गुंडाळल्याशिवाय कोणी घरी आणली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गेल्या डिसेंबरात मंडळीतल्याच हर्षद आणि प्रणाली यांचं लग्न झालं, किहीमला एका कॉटेजवर संध्याकाळची मेजवानी झाली, आणि कोणीतरी नवरानवरीचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. जोडा छानच दिसत होता. जोड्याच्या मागे, माडाखाली, तेरा कमेटी सभासदांपैकी अकरा जण हातात ग्लास घेऊन उभे होते. बाराव्याचा हात चौकटीबाहेर गेला होता. तेरावा फोटो काढत होता.

नियमाप्रमाणे कमेटीनं कमेटीला काढून टाकायला हवं होतं. पण मग त्या ठरावावर सही कोणाची घ्यायची, असा पेच पडला. सबब कमेटीनं विषय मुळातूनच हाती घेतला: ख्रिस्ती माणसानं माफक प्रमाणात मद्य घ्यावं की घेऊ नये?

चर्चा शास्त्राला धरून झाली. पाळकसाहेबांनी दोन्ही बाजूंची वचनं समसमान काढून दिली, आणि आपल्याला मधुमेह आहे असं सांगून ते कडेला बसले. महिला मंडळाच्या मनुबाई उठल्या. त्यांचा नवरा पिऊन पिऊन एकेचाळिसाव्या वर्षी गेला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक. जुना नियम आहे तो बरा आहे, तेवढा एकदा पाळून बघा, असं त्या म्हणाल्या. कमेटीनं मनुबाईंच्या दुःखात सहभागी असल्याचा ठराव एकमतानं मंजूर केला आणि ती पुढच्या मुद्द्याकडे वळली.

पुढचा मुद्दा कृष्णाजींचा होता. आजवरच्या धर्मपंडितांचं काय चुकलं, तर ते 'माफक' म्हणून थांबले. किती, ते कोणी मोजलंच नाही. कृष्णाजींनी मोजलं. बायबलातल्या काना गावच्या लग्नात प्रभूनं सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. कृष्णाजींनी रांजण कमीत कमी नव्वद लिटरचा धरला, वरचा काठ सोडला, गळती सोडली, आणि एकूण पाचशे चाळीस लिटर काढले. पाहुणे शंभर धरले तर माणशी पाच लिटर चारशे मिली. तेही घरचा साठा आधीच संपल्यावर. याचा अर्थ, कृष्णाजी गंभीरपणे म्हणाले, पाच लिटर चारशे मिलीच्या आत जो थांबतो तो शास्त्राहूनही संयमी आहे. कमेटीला आपण इतके संयमी आहोत याची कल्पनाच नव्हती. दोघा सभासदांचे डोळे पाणावले.

परंतु लिटरचा नियम सगळ्यांना झेपेल का, अशी शंका निघाली. दादरच्या बाजूला नोकरी करणारे काही सभासद शनिवारी येतात, त्यांना हिशेब राहत नाही. मग असं ठरलं, की शास्त्रात लिटर नसतो, शास्त्रात पेला असतो. तेव्हा एका बैठकीस एक पेला, हेच माफक. पेल्याचा आकार शास्त्रानं सांगितलेला नाही, म्हणून कमेटीनंही सांगू नये (कमेटी शास्त्रापेक्षा मोठी नाही, असं अध्यक्षांनी नम्रपणे नमूद केलं). फक्त प्रत्येक सभासदानं आपला एक पेला आणावा आणि त्यावर शिक्का मारून घ्यावा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? हसण्यासारखं यात काही नाही. पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि तो परवाना आरोग्य राखण्यासाठी असतो, असं आपल्या सरकारनंही ठरवून ठेवलेलं आहेच.

पेल्याची व्याख्या कृष्णाजींनी स्वतः लिहिली, आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. 'पेला म्हणजे असं भांडं, जे टेबलावर सोडलं असता स्वतःच्या तळावर उभं राहतं.' यामागचा विचार खोल होता. जे भांडं खाली ठेवता येतं त्यातून पिणारा मध्येच थांबू शकतो, आणि थांबण्याची सोय म्हणजेच संयम. थांबलंच पाहिजे असं नाही. सोय पाहिजे.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी उपासनेनंतर देवळाच्या आवारात पडताळणी व मुद्रांकन शिबिर झालं. उपस्थिती नाताळापेक्षा जास्त होती. आलेल्या मापांचा तपशील अहवालात आहे: स्टीलचे ग्लास त्रेचाळीस, लस्सीचे ग्लास एकोणीस, तांबे सतरा, झाकणाचे डबे नऊ, मिक्सरचं भांडं एक (मालक म्हणाला, मुठीमुळे धरायला बरं पडतं), आणि पाळकसाहेबांचा चहाचा कप, जो त्यांनी फक्त पाठिंबा म्हणून आणला होता. कृष्णाजींनी प्रत्येक भांडं टेबलावर सोडलं, ते उभं राहिलं, त्यांनी हातोडी मारली, क्रमांक वहीत घातला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं समाधान लाभलं नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःची पितळी फुलदाणी टेबलावर ठेवली. ती तर उभं राहण्यासाठीच घडवलेली. क्रमांक एक्क्याण्णव.

आणि त्यांच्या मागे क्रमांक ब्याण्णवसाठी दादू उभा होता.

दादू म्हणजे कृष्णाजींचे सख्खे भावोजी. थोरली बहीण तुळसा त्यांना दिलेली. चौलच्या एका मालकाची भाटखारातली नारळी-पोफळीची वाडी दादूनं पन्नास वर्षं राखली, आता वय अठ्ठ्याहत्तर. तुळसा तीन वर्षांपूर्वी गेली, आणि मंडळीच्या कबरस्थानात उंडीच्या झाडाखाली तिला ठेवलं. तिच्या उजव्या हाताला एक जागा मोकळी आहे. दादूला आयुष्यात आता तेवढीच एक गोष्ट हवी होती. त्यानं ती कोणापासून लपवली नव्हती. भेटेल त्याला तो सांगे, मी तिच्या बाजूला जायचा. पण कबरस्थानात जागा मिळते ती चांगल्या स्थितीतल्या, म्हणजे खंडित न झालेल्या, सभासदाला, आणि यापुढे चांगली स्थिती म्हणजे वहीत क्रमांक.

दादूनं नारळाची करवंटी आणली होती. काचेनं खरवडून, खोबरेल चोळून काळीभोर केलेली. रोज दुपारी जेवणाआधी तो तीतून एक करवंटी माडी पीत असे, सगळ्यांदेखत, ओट्यावर बसून. कृष्णाजींनी करवंटी टेबलावर सोडली. ती कलंडली. त्यांनी पुन्हा सोडली, ती पुन्हा कलंडली आणि गरागरा फिरत टेबलाच्या कडेला जाऊन थांबली. जमलेले लोक हसले. मिक्सरचं भांडं घेऊन उभा असलेला तर पोट धरून हसला.

करवंटी खाली ठेवता येत नाही. जी खाली ठेवता येत नाही ती संपवूनच सोडावी लागते. जो संपवूनच सोडतो तो अमर्याद पितो. कृष्णाजींनी हे सगळं भावोजींना शांतपणे समजावून सांगितलं, आणि घरून एखादा ग्लास घेऊन या, लगेच शिक्का मारून देतो, असं सुचवलं. त्यांना खरोखर मदत करायची होती. तुळसानं त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं, आईच्या मागे तिनंच त्यांना शाळेत घातलेलं. बहिणीवर त्यांचा जीव होता, हे इथं सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की त्यांना जीवच नव्हता.

दादूनं करवंटी उचलून घेतली.

"कृष्णाजी, हे माप तुझ्या बहिनीनं घालून दिलंय," तो म्हणाला. "एक करवंटी, दुपारची. पन्नास वरसांत दुसरी भरली न्हाय. आता तिचं माप टाकून तुझ्या ग्लासानं पिऊ व्हय? त्यापरीस सोडतो."

आणि त्यानं सोडली. त्याच दिवसापासून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कुठलीही कमेटी न नेमता. पहिले आठ दिवस दुपारी त्याला जेवण जाईना, पण ओट्यावर बसून तो नुसतं पाणी प्यायला आणि वाडीत गेला. भाटखारात माफक पिणं आजवर एकाच बाईनं अमलात आणून दाखवलं होतं, आणि तिच्या नवऱ्यानं आता न पिणंही अमलात आणून दाखवलं. हे दोघं कुठल्याच कमेटीवर नव्हते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. कमेटीनं ती घेतली नाही.

फेब्रुवारीच्या सभेत दादूनं अर्ज दिला, की मी दारू सोडली आहे, तरी माझी जागा नक्की करावी. कमेटीपुढे असा अर्ज पहिल्यांदाच आला होता. सभासद अस्वस्थ झाले. एक म्हणाला, हा आम्हाला हिणवायला सोडून बसलाय. दुसरा म्हणाला, अहो, आम्ही पीत असताना शेजारी बसून जो पीत नाही, तो आपला न्याय करत असतो, आणि दुसऱ्याचा न्याय करू नये असं शास्त्रच सांगतं. मनुबाई काही बोलायला उठल्या, तर त्यांच्या दुःखातला सहभाग कमेटीनं पुन्हा एकदा मंजूर केला.

शेवटी सगळ्यांनी कृष्णाजींकडे पाहिलं. तांत्रिक बाब होती, आणि तांत्रिक बाबीत नातं आणायचं नाही असा त्यांचा बाणा. त्यांनी चष्मा पुसला. नियम 'माफक' असा आहे, ते म्हणाले. माफक म्हणजे दोन टोकांच्या मध्ये. फार पिणं हे एक टोक, अजिबात न पिणं हे दुसरं टोक. अर्जदार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलेले आहेत. शिवाय शून्याचं माप नसतं, आणि ज्याचं माप नाही त्यावर शिक्का कुठे मारायचा? सबब अर्जदार हे मद्याच्या बाबतीत अतिरेकी ठरतात. इतका स्वच्छ निर्णय मंडळीच्या इतिहासात झाला नव्हता. मग कमेटीनं दयाबुद्धीनं एक वाट ठेवली: अर्जदारानं कमेटीसमक्ष, शिक्क्याच्या कोणत्याही पेल्यातून तीस मिली घ्यावं, म्हणजे ते मध्यावर आले असं समजून क्रमांक देता येईल. पेला पाहिजे तर कमेटी देईल. व्हिस्कीही कमेटीच देईल.

हा निर्णय सांगायला कृष्णाजी स्वतः दादूच्या ओट्यावर गेले. वाटेत त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की भावोजींना म्हणायचं, तोंडाला लावल्यासारखं करा, मी बघितलं म्हणून लिहितो. पण तिथे पोहोचल्यावर त्यांनी ठराव वाचूनच दाखवला, तारखेसकट.

दादूनं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही. "तिच्या बाजूला जायला पायजे म्हणून पिऊ," तो म्हणाला, "आनि तिथं गेल्यावर तिला तोंड कसं दाखवू? तुला म्हायती हाय ना तिचा स्वभाव."

कृष्णाजींना माहीत होता. त्यांनी ठरावाची एक प्रत ओट्यावर ठेवली, पोच घेतली, आणि घरी आले. त्या दिवशी त्यांनी फुलदाणी काठोकाठ भरली. एकच पेला, नियमात बसत होता.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी, दादू वाडीतच बसल्या जागी गेला. मनुबाईंनी येऊन कृष्णाजींना सांगितलं, आणि कबरस्थानाचा दाखला मागितला. दाखल्यावर सही करण्याचा अधिकार एकट्या सेक्रेटरीचा असतो. कृष्णाजी टेबलाशी बसले. नाव लिहिलं, वय लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं. पुढे छापलेलं होतं: माप क्रमांक. त्यांचा पेन तिथे थांबला. एक्क्याण्णव लिहिलं असतं तरी कोणी वही उघडून पाहिलं नसतं. त्यांच्या मनात आलंही तसं. पण खोटा क्रमांक घालणं ही गोष्ट बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकदाही फुकट केली नव्हती. त्यांनी तिथे आडवी रेघ ओढली.

दादूला वाडीच्या मालकानं जागा दिली. वाडी कबरस्थानाच्या भिंतीला लागूनच आहे. बौद्धवाडीतल्या चौघा जणांनी खड्डा खणला, पाळकसाहेबांनी भिंतीच्या आतल्या बाजूला उभं राहून मोठ्यानं प्रार्थना केली, म्हणजे नियमही मोडला नाही आणि आवाजही पोहोचला. सगळे गेल्यावर कृष्णाजी मागे राहिले. त्यांनी खिशातून टेप काढली, भिंतीवरून पलीकडे सोडली, आणि तुळसापासून दादूपर्यंतचं अंतर मोजलं. तीन मीटर चाळीस सेंटिमीटर. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. तितकंच भरलं.

मनुबाई उंडीखाली उभ्या होत्या. त्यांनी हे बघितलं.

"कृष्णाजीभाऊ," त्या म्हणाल्या, "माझा नवरा पिऊन मेला, त्याला तुम्ही आत पुरलंत. दादूभाऊ सोडून मेला, तर तो भिंतीबाहेर. हे मोजा आता."

कृष्णाजींना मोजता आलं नाही. पण कमेटीला आलं, कारण अडचणीत सापडलेल्या माणसाला कमेटीच तारते. पुढच्या सभेत दोन मिनिटं शांतता पाळून असं ठरलं, की झाल्या प्रकारात दोष कमेटीचा नसून माहितीच्या अभावाचा आहे. मंडळीत प्रमाणाबाहेर पिणारा नेमका कोण, हे वेळीच कळलं असतं तर निरपराध माणसांवर नियम लावायची वेळच आली नसती. म्हणून घरटी एक छापील अर्ज वाटायचा. त्यात प्रश्न एकच: 'आपल्या माहितीतील प्रमाणाबाहेर पिणाऱ्या एका इसमाचे नाव लिहा.' तात्पर्य, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तत्त्व पहिल्यांदाच शास्त्रशुद्ध पद्धतीनं तपासलं जाणार होतं.

एकशेबारा अर्ज गेले, एकशेबारा परत आले. मंडळीच्या इतिहासात कुठलीही गोष्ट शंभर टक्के भरून परत आल्याचं हे एकमेव उदाहरण. निष्कर्ष असे: स्वतःचं नाव लिहिणारे, शून्य. शेजाऱ्याचं नाव लिहिणारे, सत्तावीस. भावाचं किंवा साडूचं, चौदा. उरलेल्या एकाहत्तर जणांनी दादूचं नाव लिहिलं होतं. तो आता रागावणार नव्हता, आणि नात्यात कटुता येण्याचंही कारण नव्हतं. त्या एकाहत्तरांत एक अर्ज कृष्णाजींचा होता. अक्षर सुवाच्य, नाव वडिलांच्या नावासकट, खाली सही. लिहून झाल्यावर ते बराच वेळ रडले, असं त्यांची बायको सांगते. मग डोळे पुसून त्यांनी अर्जावर शिक्का मारला.

निकाल वाचून दाखवल्यावर अध्यक्षांनी बहुमत ग्राह्य धरून जाहीर केलं, की मंडळीत प्रमाणाबाहेर पिणारं आता जिवंत कोणीही नाही. टाळ्या झाल्या.

छापखान्यानं चुकून एक अर्ज जास्त छापला होता, तो अजून कोरा आहे. तो आपल्यासाठी ठेवला आहे. आपण ख्रिस्ती नसाल, हरकत नाही. थेंबाला शिवत नसाल, तरी चालेल. मघाशी अर्जातला प्रश्न वाचताना आपल्या मनात एक नाव येऊन गेलं. ते आपलं स्वतःचं नव्हतं. कमेटीला एवढंच बघायचं होतं. आपलं सभासदत्व मंजूर झालं आहे, आणि उंडीखालची ती जागा अजून मोकळीच आहे.